झाडावरचे अंजीर एकदम पिकलेत, रोज तीन-चार किलो. काय काय करता येईल?

माळावरची
सासवडजवळ शेताच्या बांधावर पुना अंजिराची दोन झाडं आहेत. मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्यातलं पीक, जोरात आहे. शेजारीपाजारी वाटून झाले, तरी रोज पाटीभर उरतातच. फ्रीजमध्ये ठेवले तर तिसऱ्या दिवशी पाणी सुटतं. जॅम, सुके अंजीर, दुधातले प्रकार, काहीही चालेल, फक्त प्रमाणासकट सांगा. आणि मिल्कशेक थोडा वेळ ठेवला की कडू का होतो?

बागाईत
आधी तोडणीचं बघा, निम्मी नासाडी तिथेच होते. अंजीर तोडल्यावर गोड होत नाही, नुसतं मऊ पडतं. मान वाकून फळ खाली लोंबायला लागलं आणि देठ मोडल्यावर पांढरा चीक जेमतेम आला, की ते तयार. सकाळी उन्हाच्या आत, देठासकट काढा. हाताला खोबरेल लावा नाहीतर मोजे घाला, चिकाने बोटांची सालं निघतात.

घरी आणल्या आणल्या तीन वाटे करायचे. घट्ट पिकलेले सुकवायला आणि पाकाला. मऊ किंवा साल तडकलेले त्याच दिवशी शिजवायला. तिसरा वाटा आंबलेल्यांचा. फळाच्या तोंडाशी फेस किंवा आंबूस वास आला की चिलटं आणि यीस्ट आत शिरलेत असं समजा. असलं फळ जॅममध्येही घालू नका, एका फळाने अख्ख्या पातेल्याला वास लागतो. थेट खतात.

फ्रीजमध्ये ठेवायचे तर न धुता, पसरट डब्यात कागदावर एकच थर. तरीही तीन-चार दिवसच.

चुलीपाशी
जॅमचं प्रमाण: १ किलो अंजीर, ६०० ग्रॅम साखर, ४० मिली लिंबाचा रस, चिमूटभर मीठ.

देठ काढून चार फोडी करा, साल ठेवा. आधी साखरेशिवाय, १०० मिली पाणी घालून १०-१२ मिनिटं झाकून शिजवा. साल बोटाने चिरडली गेली की मगच साखर आणि लिंबू. साखर आधी पडली तर साल चिवट होते आणि नंतर कितीही शिजवा, दाताखाली येतेच. साखर विरघळली की आच मोठी करून १५-२० मिनिटं, पण हात थांबवायचा नाही. गर दाट असल्याने बुडाला पटकन धरतो. फ्रीझरमधल्या थंड बशीवर थेंब टाका, मिनिटाने बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की उतरवा. थर्मामीटर असेल तर १०४-१०५ अंश. अकराशे-बाराशे ग्रॅम जॅम होतो.

लिंबू वगळू नका. अंजिरात आंबटपणा फार कमी. तो नसेल तर जॅम नीट धरत नाही, महिन्याभरात साखरेचे खडे पडतात आणि टिकायलाही धोका. एवढ्या साखरेचा जॅम फ्रीजमध्येच ठेवायचा, दोन-तीन महिने. आल्याचा कीस एक चमचा घातला तर छान. वेलची मला इथे नको वाटते, सगळी चव तीच खाऊन टाकते.

रवाळ
मिल्कशेकचं कोडं त्या चिकातच आहे. त्यात फायसिन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. म्हणून दूध फाटतं किंवा कडवट होतं. कच्च्या अंजिराने जिलेटिनची जेली लागत नाही तीही याच कारणाने. तिथे अगर-अगर (समुद्री शेवाळापासूनची जेलीची पावडर) वापरा.

शेक ताजा फिरवून लगेच पिणार असाल तर फरक पडत नाही. ठेवायचा असेल तर गर आधी शिजवायचा. बासुंदीसाठी ३०० ग्रॅम अंजीर दोन चमचे पाण्यात, चांगली उकळी फुटल्यावर ८-१० मिनिटं शिजवून मिक्सरमधून काढा आणि गार करा. या गरात लिंबू नाही! १ लिटर म्हशीचं दूध आटवून ६०० मिली करा, ५० ग्रॅम साखर घाला, तेही फ्रीजमध्ये गार करा. मग दोन्ही एकत्र. गरम दुधात गर ओतला तर शिजवलेला असूनही फुटू शकतं.

माळावरची
कडूपणाचं कळलं, धन्यवाद. सुकवायचं कसं? गच्चीवर नुसते ठेवले तर वरून कडक आणि आतून ओले राहतात.

बागाईत
पुना अंजीर मुळात ताजं खायचं फळ. साखर कमी, पाणी जास्त. बाजारात मिळणारे सुके अंजीर वेगळ्या जातींचे असतात, तसे होतील ही अपेक्षा सोडा. पण पाकात मुरवून सुकवले तर फार चांगले होतात.

१ किलो घट्ट पिकलेले अख्खे अंजीर काट्याने चार-पाच ठिकाणी टोचून उकळत्या पाण्यात १ मिनिट. ५०० ग्रॅम साखर, ५०० मिली पाणी, अर्धा चमचा सायट्रिक ॲसिड यांचा पाक उकळून त्यात मंद आचेवर १० मिनिटं, मग रात्रभर तसेच. दुसऱ्या दिवशी फळं बाजूला काढून नुसता पाक थोडा आटवा, गरम पाकात फळं परत सोडा. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी निथळून, कोमट पाण्यातून झटकन काढून जाळीवर. ड्रायरमध्ये ६० अंशांवर १२-१५ तास. उन्हात तीन-चार दिवस, वर मलमल, रात्री घरात. ओटीजी १०० अंशांवर लावू नका, तुमच्या गच्चीवर झालं तेच होईल: साल आवळते आणि आतल्या पाण्याला वाट राहत नाही.

मधोमध कापून दाबा. रसाचा थेंब आला नाही तर झाले. बरणीत भरून आठवडाभर रोज हलवा. काचेला आतून दमटपणा दिसला तर परत वाळवा. उरलेला पाक सरबताला.

चुलीपाशी
ज्या दिवशी वेळच नसेल त्या दिवशी: देठ काढून, पुसून, ताटात सुटे मांडून फ्रीझरमध्ये. पाच-सहा तासांनी दगड झाले की पिशवीत भरा, हवा काढून. बर्फ उतरल्यावर लिबलिबीत होतात, त्यामुळे फक्त जॅम, बासुंदी, आइस्क्रीमसाठी. नंतर जॅम करताना वरून पाणी घालू नका, त्यांचंच भरपूर सुटतं.

आणि निम्म्या फोडी करून, कापलेली बाजू खाली ठेवून तव्यावर तुपात दोन मिनिटं, वर मीठ आणि जाडसर मिरपूड. नाचणीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा.