मदत हवी आहे : समूहातील ‘महिन्याचे छायाचित्र’ निवडण्याची न्याय्य पद्धत कोणती?

नमस्कार. मुंबईतील हौशी छायाचित्रकारांच्या एका ऑनलाइन समूहाचे काम मी पाहतो. सभासदांच्या मतांवर ठरणाऱ्या ‘महिन्याचे छायाचित्र’ या मानाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. बक्षीस काहीही नाही, तरी कुरबुर वाढत चालली आहे (कदाचित बक्षीस नाही म्हणूनच).

सध्या महिनाभर छायाचित्रे येत राहतात आणि अखेरीस ज्याला सर्वाधिक अंगठे, त्याची निवड होते. जानेवारीत वांद्रे-वरळी सागरी सेतूमागच्या सूर्यास्ताचे छायाचित्र पहिल्याच दिवशी आले आणि शेवटपर्यंत पुढे राहिले. महिना संपत आला असताना एका नव्या सभासदाने वर्सोव्याचे छायाचित्र टाकले. मासळी वाळवण्याच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील आणि त्यांच्या फटीतून दिसणारा, ते वाळत घालणाऱ्या कोळणीचा अर्धाच चेहरा. माझ्या मते ते कितीतरी सरस होते. पण त्याच्याकडे फारसे कोणी फिरकलेच नाही.

यात कोणाची लबाडी आहे असे मला वाटत नाही. दोष समोर दिसणाऱ्या आकड्याचा असावा. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुमारे १४,००० जणांना अपरिचित गाणी ऐकवली होती. आधीच्यांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले (डाउनलोड केले) हे ज्या गटांना दिसत होते, तिथे लोकप्रियतेतील तफावत वाढली आणि कोणते गाणे वर जाईल हे गटागणिक बदलत गेले.

म्हणून २५ तारखेला प्रवेशिका बंद करून, नावे व आकडे झाकून, प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने छायाचित्रे दाखवावीत आणि पहिल्या तीन पसंतींना ३, २, १ असे गुण द्यावेत, स्वतःच्या छायाचित्राला मत देता येऊ नये, असा माझा प्रस्ताव आहे. अठराव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ बोर्दा यांनी सुचवलेल्या गुणपद्धतीचेच हे छोटे रूप. अडचण अशी की जुन्या सभासदांची शैली नाव झाकूनही ओळखू येते, आणि ‘तू मला, मी तुला’ असे ठरवून गुण दिले तर ते पकडायचे कसे? विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांत २०१५ मध्ये ठरावीक याद्यांनुसार नामांकने भरली गेली, तेव्हा मतदारांनी पाच विभागांत ‘पुरस्कार नको’ हाच पर्याय निवडला. पुढे २०१७ पासून नामांकनांची मोजणी अशी बदलली की एकसारख्या याद्यांचा जोर आपोआप कमी व्हावा. आमच्यासारख्या लहान समूहाला एवढे गणित झेपेल का?

परीक्षक नेमावेत असेही काहीजण सुचवतात. मला ते फारसे पटत नाही, कारण मग सभासदांनी एकमेकांना दिलेली दाद उरतच नाही. ज्यांनी अशा स्पर्धा चालवल्या आहेत, त्यांनी कृपया सांगावे: गुप्त मतदान सुरू केल्यावर छायाचित्रांखालचे अभिप्राय कमी झाले का, आणि झाले असल्यास निकालापर्यंत अंगठे बंद ठेवून केवळ अभिप्राय खुले ठेवणे जमले का?