मुरूम खदान बंद झाल्यावरची तपासणी: नेमकं काय मोजायचं?

प्रश्न: धुळे तालुक्यातली १ हेक्टरची मुरूम खदान, काम थांबलंय. जमीन पूर्ववत केली का ते तपासायचंय. मंजूर खाणकाम आराखडा हातात आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: हद्दीच्या दगडांपासून. मोजणी नकाशावरून कोपरे पक्के करा, मग कडेची न खोदता सोडायची ७.५ मीटरची पट्टी शाबूत आहे का टेपने बघा. शेजाऱ्याचा बांध तिथूनच ढासळतो. मुरुमाचा उतार ४५ अंशांहून उभा नको. पायऱ्या काढल्या असतील तर उंची १.५ मीटरच्या आत, रुंदी निदान तेवढीच.

उत्तर: भाऊ, खोदण्याआधी काढून ठेवलेल्या वरच्या मातीचा हिशेब आधी. १ हेक्टरवर ३० सेंटीमीटरचा थर म्हणजे ३,००० घनमीटर, उपसल्यावर फुगून त्याहून जास्त. ढीग आणि पसरलेला थर मिळून निम्मेही भरत नसेल तर माती बाहेर गेली, दुसरं काय! पसरलेल्या जागी कुदळीने पाच-सहा खड्डे घेऊन बघा. वर काळी माती अन् खाली नुसते धोंडे असले, की पावसात माती फटींत उतरते आणि खळगे पडतात. मध्ये बारीक मुरुमाचा दाबलेला थर लागतो.

उत्तर: पूर्ववत केलेल्या जागेवर लावलेली झाडं श्रावणात मोजू नका, तेव्हा सगळंच हिरवं दिसतं. मे महिन्यात जा. खानदेशच्या उन्हात तगलेला कडुनिंब, करंज तेवढाच धरायचा.

उत्तर: पाण्याचा खड्डा ठेवला असेल तर कुंपण बघा. फोटोवर अक्षांश-रेखांश आणि तारीख हवीच.