मदत हवी आहे: कागदपत्रांविना आलेला पाळीव साप, मिल्क स्नेक की कॉर्न स्नेक?

नमस्कार मंडळी,

ओळखीतल्या एकाने घर बदलताना त्याचा साप माझ्याकडे सोपवला. त्यालाही तो दुसऱ्या कुणाकडून आयताच मिळालेला, त्यामुळे जात, वय, पैदास कुणाची, कशाचाच पत्ता नाही. ‘मिल्क स्नेक आहे’ एवढंच तोंडी कळलं. मला ते पटत नाहीये, मला तो कॉर्न स्नेक वाटतो (दोन्ही अमेरिकेतले, पाळले जाणारे बिनविषारी साप), पण छातीठोकपणे नाही म्हणावं इतका माझा अभ्यासही नाही.

लांबी पाऊण मीटरच्या आसपास, अंगाने सडपातळ. रंग फिकट नारिंगी, पाठीवर गडद तांबडे डाग आणि डागांना पांढुरकी कड. काळा रंग औषधालाही नाही. डोळे लालसर, बाहुली गोल वाटते. डोकं मानेपेक्षा जेमतेम रुंद. दचकला की शेपूट थरथरवतो, पण गोठवून वितळवलेला उंदीर मुकाट घेतो.

घोळ आहे तो पोटापाशी. कॉर्न स्नेकच्या पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकड्या असतात असं जिथे तिथे वाचलं. याचं पोट पांढरं आणि त्यावर पुसट नारिंगी चौकोन. मग हा कॉर्न नव्हेच का? खात्री होईपर्यंत हातात घ्यावा का? माझ्याकडे आधीचा एक कॉर्न आहे आणि दोघांना एकाच टाकीत ठेवायचं मनात आहे, म्हणून जरा घाई. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद

डोकं त्रिकोणी आणि बाहुली उभी असेल तर विषारी. तुमच्या सापाची बाहुली गोल आहे ना? मग बिनधास्त हाताळा.

प्रतिसाद

वरचा सल्ला कुणी कृपया मनावर घेऊ नका. नाग आणि मण्यार, दोघांचीही बाहुली गोल. अजगराची उभी, आणि त्याला विष नाही. डोक्याचं म्हणाल तर कितीतरी बिनविषारी साप चिडले की डोकं चपटं करून त्रिकोणी दिसतात. लाल पट्ट्याला पिवळा पट्टा लागून असेल तर विषारी, हा नियमही उत्तर अमेरिकेतल्या कोरल स्नेक या विषारी सापापुरता. तिथेही अपवाद आहेतच, इतरत्र तर तो सरळ धोक्याचा.

आता तुमच्या सापाबद्दल. काळा रंग अजिबात नाही आणि डोळे लाल, म्हणजे अंगात काळं रंगद्रव्यच तयार होत नाहीये. पाळीव कॉर्नमध्ये हा प्रकार अगदी नेहमीचा. काळं द्रव्यच नसेल तर पोटावरच्या काळ्या चौकड्या काळ्या कशा दिसणार? तुम्हाला दिसणारे पुसट नारिंगी चौकोन बहुधा त्याच. मात्र बिनकाळ्या रंगाचे मिल्क स्नेकही पाळले जातात, तेव्हा रंगावर विसंबू नका, खवले बघा.

पहिली खूण पोटाचे रुंद खवले जिथे संपतात तिथली. मलद्वार झाकणारा शेवटचा खवला तिरप्या रेषेने दुभंगलेला असेल तर कॉर्न, अखंड असेल तर मिल्क किंवा त्याचा जवळचा भाऊबंद किंगस्नेक. यासाठी जनावराला उलटंपालटं करायची गरज नाही, कातीवर हे स्वच्छ दिसतं. कात मिळाली की मध्यावर पाठीच्या खवल्यांच्या ओळीही मोजा. पोटाचा रुंद खवला सोडून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, तिरकं जात. कॉर्नमध्ये २७ च्या आसपास भरतात, मिल्कमध्ये साधारण १९ ते २३. कॉर्नच्या पाठीच्या मधल्या खवल्यांवर एक अगदी बारीक उभी धार असते, मिल्कचे खवले गुळगुळीत. (कातीची लांबी मोजून सापाची लांबी ठरवू नका, कात ताणली जाते.)

डोक्याचा फोटो वरून आणि बाजूने, दोन्ही टाका. नाकपुडीचा खवला आणि डोळ्याला लागून असलेला पुढचा खवला यांच्यामध्ये आणखी एक छोटा खवला दिसतो का? नाग-मण्यारीच्या कुळात तो नसतो, कॉर्न आणि मिल्कमध्ये असतो. तेवढ्याने साप बिनविषारी ठरत नाही, पण एक मोठं कुळ बाद होतं. तोवर हूक (साप उचलायची आकडी काठी) वापरा, हात नको.

आणि एकाच टाकीत अजिबात नको! मिल्क आणि किंगस्नेक इतर साप खातात. दोन्ही कॉर्न निघाले तरी वेगळेच ठेवा, सापांना सोबत लागत नाही. शिवाय नव्या पाहुण्याच्या अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) असतील तर तुमच्या जुन्यालाही लागतील.

धागाकर्ता

मनापासून आभार. टाकी वेगळी केली. योगायोगाने कात टाकण्याआधी होतात तसे त्याचे डोळे दुधाळ झालेच होते, आता कात पडली. दोन तुकडे झाले पण मधला भाग शाबूत आहे. ओल्या टिश्यूवर पसरून भिंगाखाली मोजलं, २७ ओळी. मलद्वारावरचा खवला दुभंगलेला, मधोमध तिरकी रेघ स्पष्ट. धार मात्र बोटाला लागत नाही, उजेडाकडे धरल्यावर मधल्या काही ओळींवर बारीक रेष दिसते. डोळ्यांपुढचा तो छोटा खवलाही आहे. फोटो जोडले आहेत.

प्रतिसाद

धार बोटाला लागत नाही हे बरोबरच, कॉर्नमध्ये ती फार अंधुक असते. वरून काढलेल्या फोटोत मानेवरचे दोन पट्टे डोळ्यांच्या मध्ये एकत्र येऊन भाल्याचं टोक झालेलं दिसतंय. ते कॉर्नचं. ईस्टर्न मिल्क स्नेकच्या मानेवर बहुधा फिकट रंगाचा इंग्रजी वाय किंवा व्ही असतो, आणि पाळीव मिल्क बरेचदा कड्याकड्यांचे. तुमच्याकडे पाठीवर सुटे डाग आहेत. माझं मत कॉर्न.

एक शंका राहते. पाळीव जनावरांत कॉर्न आणि किंगस्नेकचा संकर करतात आणि अशी पिल्लं कधीकधी हुबेहूब कॉर्नसारखी दिसतात. पैदासकार माहीत नसेल तर फोटोवरून हे कुणालाच शंभर टक्के सांगता येणार नाही. निगा कॉर्नप्रमाणेच ठेवा, पण याच्यापासून पिल्लं घेऊन ती शुद्ध कॉर्न म्हणून कुणाला देऊ नका.

धागाकर्ता

पिल्लांचा विचार नाहीच. पशुवैद्याकडे न्यायचा आहे, तेव्हा नर की मादी तेही बघून घेतो. शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचं एक कडं अडकलंय, ते घरी कोमट पाण्याने सोडवावं की त्यांच्यावरच सोपवावं?

प्रतिसाद

झाकणाला भोकं असलेल्या डब्यात कोमट पाण्याने ओलसर केलेल्या कापडावर अर्धा तास ठेवा, बहुतेक वेळा आपसूक सुटतं. ओढू नका. टोक काळपट किंवा सुजलेलं दिसलं तर घरी काही न करता थेट वैद्यांकडे न्या, अडकलेल्या कड्याने रक्तपुरवठा तुटून शेपटीचं टोक झडतं.