मोहनवीणा आपल्याकडच्या कॉलेजात ऐकायला मिळेल का? (जळगाव-धुळे साईड)

गिरणाकाठचा

नमस्कार मंडळी. मी जळगावात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पंडित विश्वमोहन भट्ट म्हणजे माझ्यासाठी सगळ्यात वर, त्यांच्यापुढे कोणी नाही. गिटार मांडीवर आडवी घ्यायची, वरून कांडी सरकवत वाजवायची, बाजूने तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या, तारा चढवायच्या, असं करून वीसेक तारांची मोहनवीणा त्यांनी घडवली. रे कूडरसोबतचं 1994 चं ग्रॅमी सगळेच सांगतात, पण मला त्याहून भारी हे वाटतं की एवढं नाव झाल्यावरही हा माणूस स्पिक मॅके या शास्त्रीय संगीताच्या चळवळीतर्फे कॉलेजं-शाळा फिरत आलाय, तिकीट नाही काही नाही, पोरं सतरंजीवर पार समोर बसलेली. व्हिडिओ बघतो तेव्हा नुसता जीव तुटतो. आमच्याकडे गॅदरिंगला डीजे, युवारंगला (विद्यापीठाचा युवक महोत्सव) स्पर्धा, त्यात पोरं जीव ओतून करतात, मला त्याबद्दल काहीच म्हणायचं नाही, पण मोठ्या कलाकारासमोर नुसतं ऐकायला बसणं हे कुठेच नाही. कोणी असा कार्यक्रम आणलाय का? सुरुवात कुठून करायची?

भुसावळ_लोको

भो आधी एक समजून घे, स्पिक मॅके म्हणजे इव्हेंट कंपनी नाही. आयआयटी दिल्लीच्या किरण सेठ सरांनी 1977 ला चालू केलेली चळवळ आहे, सगळं काम विद्यार्थी आणि स्वयंसेवक करतात, कलाकार पण नावापुरत्या मानधनावर येतात. त्यामुळे "बजेट किती लागेल" हा पहिला प्रश्न नाहीच. पहिला प्रश्न हा की तुझ्याकडे मनापासून धावपळ करणारी चार पोरं-पोरी आहेत का आणि प्राचार्यांचं पत्र मिळेल का. दुसरं म्हणजे एकट्या जळगावसाठी कोणी एवढ्या लांबून येणं अवघड. सर्किट मांड. सकाळी जळगाव, दुपारी भुसावळ, दुसऱ्या दिवशी धुळे-शिरपूर, असं तीन-चार कॉलेजांनी मिळून मागितलं तर त्यांनाही जमवता येतं. गाडीची अडचण नाही, पंजाब मेल दिल्लीहून थेट भुसावळ-जळगाव करते. फक्त पंडितजींचं वय आता पंचाहत्तरीच्या घरात, त्यामुळे एकाच नावावर अडून बसू नको. पहिल्या खेपेला जे कलाकार मिळतील त्यांना मनापासून ऐका, पुढचं दार त्यातूनच उघडतं.

धुळेकर_ताई

मी कॉलेजात शिकवते म्हणून सांगते, वेगळा कार्यक्रम ठेवला तर हॉल भरणार नाही ही भीती प्राचार्यांना असतेच. गॅदरिंगच्या दिवशीच तासभर ठेवा ना, स्टेज तयार, साऊंड तयार, पोरं आलेली.

तरफ_आणि_तार

ताई, मान ठेवून सांगतो, गॅदरिंगमध्ये अजिबात नको. मी नाशिकला शिकत असताना एका कॉलेजात तरफेच्या तारांचं वाद्य अगदी जवळून ऐकलंय. मुख्य तारेवरचा सूर कलाकाराने सोडून दिला, हात उचलला, तरी खालच्या तारा आपोआप घुमत राहिल्या, आणि हॉलमध्ये पंखे बंद होते म्हणूनच ते ऐकू आलं. डीजेच्या भिंतीसमोर ते कसं कळणार? पोरं गोंधळ करतील, कलाकाराचा अपमान होईल आणि वर पोरांनाच म्हणायचं की यांना शास्त्रीय कळत नाही. पोरांना कळतं हो, शांत जागा तर द्या.

आणि वेळ सकाळची ठेवा, साडेआठ-नऊ. एक तर खेड्यावरून येणाऱ्या मुलींना दुपारची एसटी गाठायची असते, संध्याकाळचा कार्यक्रम ठेवला की त्या आपोआप बाहेर पडतात. दुसरं, सकाळी तोडी, अहिर भैरव असे राग ऐकायला मिळतात, संध्याकाळच्या तिकिटाच्या मैफिलीत ते सहसा नसतात. महिना डिसेंबर-जानेवारीच. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये पंखे बंद करून कोणी बसू शकत नाही आणि पंख्याच्या वाऱ्याखाली तारा सुरात राहत नाहीत.

धुळेकर_ताई

मुलींच्या एसटीचं अगदी बरोबर, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली साक्री-शिंदखेड्याकडून येतात. सकाळचंच ठरवा. धुळ्याची एक जागा मी बघते, आमचा जुना हॉल लहान आहे पण आवाज छान घुमतो, खुर्च्या काढून सतरंज्या टाकता येतील.

गिरणाकाठचा

ताई लय आभारी आहे, हॉलचं खरंच बघा. लोको भाऊ, पत्राचा मसुदा आज रात्री टाईप करतो, प्राचार्यांकडे जायच्या आधी तुम्हाला दाखवतो. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण तबला शिकते, ती लगेच तयार झाली. नाव कोणाचंही मिळो आम्ही ऐकू, पण पत्रात मोहनवीणा लिहिणारच, मागायला काय हरकत आहे. शिरपूर किंवा अमळनेरचं कोणी वाचत असेल तर सांगा भो, एक कॉलेज अजून पाहिजे.

अमळनेरवाला

आहे ना. प्रताप कॉलेजला माझा भाऊ आहे, उद्या त्यालाच विचारतो. मसुदा मलाही पाठव.