कोयनेच्या साठ्याचा आलेख ग्रुपवर कसा द्यावा?

कृष्णाकाठ:
पावसाळ्यात कोयना धरणाचा रोजचा साठा एक्सेलात टिपून ठेवायची माझी जुनी खोड. यंदा लेकीनं पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बसवून दिली, तिच्यातल्या प्लॉटली या आलेखांच्या तयार कोडनं (लायब्ररीनं) आलेख निघाला. रेषेवर बोट ठेवलं की तारीख आणि टीएमसी दिसतात, झकास काम! पण ती एचटीएमएल फाइल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली तर निम्म्यांना उघडता येईना. शिवाय एका रेषेची फाइल कित्येक एमबींची! स्क्रीनशॉट नकोय, ज्याला जो दिवस बघायचाय त्यानं तो बघावा. पैसे घालणार नाही, आधीच सांगतो.

तिरकी_रेघ:
काका, वजन तुमच्या आकड्यांचं नाही. नेट नसतानाही चालावं म्हणून प्लॉटली आपली अख्खी लायब्ररी फाइलीत कोंबतं. सेव्ह करताना ‘इन्क्लूड प्लॉटलीजेएस’ला ‘सीडीएन’ द्या, मग लायब्ररी नेटवरून येईल आणि फाइल काही केबींवर येईल. पण मुळात फाइल पाठवूच नका, लिंक पाठवा. गिटहब या फाइली ठेवायच्या साइटवर पब्लिक रेपो (सगळ्यांना दिसणारं फोल्डर) काढा, फाइलीला ‘इंडेक्स’ नाव द्या, सेटिंग्जमध्ये पेजेस (फाइल वेबपान म्हणून दाखवायची सोय) चालू करा. फुकट आहे. फाइल रोज बदलली तरी लिंक तीच.

घाटमाथा:
एवढा खटाटोप कशाला? डेटारॅपर या आलेख काढायच्या साइटवर आकडे चिकटवा, पब्लिश करा, मोकळे व्हा.

तिरकी_रेघ:
तेही चालेल. मला आपली फाइल आपल्या हातात असलेली बरी वाटते, एवढंच.

कृष्णाकाठ:
पेजेस जमलं! लिंक सगळ्यांना उघडते. पण मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. ग्रुपातले निम्मे लोक माझ्याच वयाचे, चष्मे शोधत बसलेत.

तिरकी_रेघ:
प्लॉटलीच्या तयार पानात व्ह्यूपोर्टचा टॅग (पान फोनच्या रुंदीत बसवायची सूचना) नसतो, त्यामुळे फोन ते कॉम्प्युटरचं पान समजून आक्रसून दाखवतो. ‘फुल एचटीएमएल’ला ‘फॉल्स’ द्या म्हणजे नुसता आलेखाचा तुकडा मिळेल. तो स्वतःच्या छोट्या पानात ठेवा. त्या पानात व्ह्यूपोर्ट, मराठी शीर्षक आणि ‘शेवटची नोंद’ची तारीख घाला. तारीख नसली तर जुलैचा आकडा लोक सप्टेंबरातही फिरवतील.

घाटमाथा:
लिंक बघितली. उभा अक्ष शून्यापासून घ्या हो! आत्ता तो ८० पासून सुरू होतोय, त्यामुळे ८५ वरून ९५ झालं तरी धरण रिकामं होतं ते भरलं असं वाटतं. वर १०५.२५ टीएमसीची तुटक रेघ मारा, ती पूर्ण क्षमता. नदीकाठच्या माणसाला त्या रेघेपासून पाणी किती खाली आहे तेच बघायचं असतं.

कृष्णाकाठ:
खरंय, आमच्याकडे सगळे तेच विचारतात. आज रात्री लेकीला बसवतो.