भांड्यांच्या दुकानाची वेबसाइट कोणाला करायला द्यावी?

घंगाळ_नाशिक
नमस्कार. भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे, आजेसासऱ्यांपासूनचं. आता मी आणि मिस्टर बघतो. २०२७ च्या कुंभमेळ्याआधी वेबसाइट सुरू करायची आहे. बाहेरगावची माणसं येतात, घंगाळ हातात घेतात, आवडतं, पण गाडीत ओझं नको म्हणून ठेवून देतात. "कुरिअर करता का?" हे रोज चार वेळा ऐकते.

आधी एकदा पोळलो आहोत, म्हणून विचारते. पाच वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने साइट करून दिली. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याने स्वतःच्याच ईमेलवर घेतलं. असं काही असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. तो नोकरीसाठी परगावी गेला, दरवर्षीचे पैसे भरायचे राहिले आणि एक दिवस आमच्या पत्त्यावर भलत्याच जाहिराती दिसायला लागल्या. तो पत्ता पाचशे कापडी पिशव्यांवर छापलेला होता. सासरे तीन रात्री बसून एकेक पिशवीवरचा पत्ता काळ्या मार्करने खोडत होते. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता तीन जण आहेत. कॉलेज रोडचा एक मुलगा, एकटाच काम करतो, २२ हजार म्हणतो. एक एजन्सी, ८५ हजार. तिसरे फोनवरचे, महिना ९९९. नमुने तिघांचेही छान दिसतात, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही. विचारायचं काय?

सातपूरकर
तिघांकडून जुन्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर मागा. गेल्या महिन्यात साइट झालेल्यांचे नकोत, ते खूशच असतात. दोन-तीन वर्षं झालेल्यांचे घ्या आणि एकच विचारा: साइट बंद पडली होती तेव्हा याने फोन कितव्या दिवशी उचलला? आमच्या वर्कशॉपची साइट देताना मी एवढंच केलं होतं. दोघांनी नंबर द्यायचं टाळलं, तिथेच ते गळाले.

कोडकाम_इंदिरानगर
ताई, मी हाच धंदा करतो, पण सध्या नवीन काम घेत नाही, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

डोमेन आज रात्रीच स्वतः घ्या. स्वतःचं कार्ड, दुकानाचा ईमेल, मोबाइल नंबर घरातल्या माणसाचा. वर्षाला साधारण हजार-दीड हजाराचं काम आहे. आपोआप नूतनीकरण सुरू ठेवा. होस्टिंगचं, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवायच्या जागेचं, खातंही तुमच्याच नावावर असू द्या. करणाऱ्याला आत यायची परवानगी द्यायची, मालकी नाही. यावर जो कुरकुरेल त्याला तिथेच नमस्कार करा.

दुसरं सहसा कोणी सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाला पैसे देऊन कोड लिहून घेतला, तरी त्याचा पहिला मालक साधारणपणे लिहिणाराच असतो. हक्क तुमच्याकडे यायचे तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून करारात "कायमचे, जगभरासाठी" हे शब्द घालून घ्या.

९९९ वाले साइट भाड्याने देतात. पैसे थांबले की साइट गेली. ते वाईटच असं नाही, पण मालाची यादी आणि फोटो बाहेर काढून मिळतील का, हे आधी विचारा. एजन्सीला विचारा की ८५ हजारांत १८ टक्के जीएसटी धरलाय का आणि प्रत्यक्ष काम कोण करणार. बोलायला येणारा वेगळा आणि करणारा वेगळा, असं फार होतं.

मराठीची परीक्षा तर घ्याच. "मठारलेलं घंगाळ, कल्हई केलेली पातेली" असा चार ओळींचा मजकूर द्या आणि नमुना पानावर लावून मोबाइलवर दाखवायला सांगा. पत्रक छापणाऱ्याकडची जुन्या फॉण्टमधली फाइल तशीच चिकटवली की नुसती गिचमीड अक्षरं येतात आणि गूगललाही ती सापडत नाहीत. युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरं सगळीकडे नीट दिसतील अशी साठवायची पद्धत; हा शब्द ऐकून जो गोंधळेल, त्याला मराठी साइट देऊ नका.

बेदाणे_पिंपळगाव
माझा अनुभव कुरिअरचा. बऱ्याच कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ते आणि खरं वजन यात जे जास्त, त्याचे पैसे. तुमचं घंगाळ चार किलोचं असेल, पण ४५ बाय ४५ बाय ४० च्या खोक्यात घातलं की १६.२ किलो होतं. हे साइटवर नीट बसवलं नाही, तर प्रत्येक ऑर्डरला पदरचे पैसे जातील. आमच्या बेदाण्यांना हा त्रास नाही, पण भेटवस्तूंच्या रिकाम्या टोपल्यांनी आम्हाला चांगलंच शिकवलं. पहिल्या भेटीत जो मापं विचारेल, त्याला काम कळतं.

घंगाळ_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. डोमेन त्याच रात्री घेतलं. सासऱ्यांनी पावतीची प्रिंट काढायला लावली आणि गाळ्याच्या कागदांच्या फायलीत लावली.

एजन्सीने मापांचं "नंतर बघू" म्हटलं, तेही दोनदा. ९९९ वाल्यांना यादी बाहेर काढून मिळेल का विचारलं, तर उत्तरच आलं नाही. कॉलेज रोडचा मुलगा दुकानात आला, घंगाळ उचलून बघितलं आणि टेप आहे का विचारलं. मी काटाही पुढे केला. दोन तास बसून त्याने बारा वस्तूंची मापं उतरवून घेतली. त्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाशी बोलले; दिवाळीत साइट अडकली होती तेव्हा त्याच संध्याकाळी सुरू करून दिली म्हणाले. त्यालाच देतेय. आधी या बारा वस्तू, पैसे तीन टप्प्यांत, हक्कांचं लेखी.

आता फोटोंचं अडलंय. घासलेल्या तांब्यात फोटो काढणारा, मोबाइल, समोरचं दुकान, सगळं दिसतं. पांढरी चादर आडवी धरून पाहिली, तर मठाराचे ठोके पुसट होतात, आणि गिऱ्हाईक तर तेच बघायला येतं. कोणी केलंय का हे?