'भूमिका बजावणे' मराठीला मानवतं का?

गेल्या आठवड्यात शेजारच्या आजींच्या तेराव्याला त्यांच्या नातवाने मोबाइलवरून चार ओळी वाचल्या. 'आजीने कुटुंबाच्या जडणघडणीत महत्त्वपूर्ण भूमिका बजावली.' पोराचे डोळे भरलेले होते, पण वाक्य त्याचं वाटेना. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं, असं नंतर त्यानेच सांगितलं. आपण नोटीस बजावतो, मतदानाचा हक्क बजावतो, 'पुन्हा असं करू नकोस' म्हणून एखाद्याला बजावतो. भूमिका कशी बजावतात? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

बजावणे म्हणजे नेमून दिलेलं पार पाडणं, नाहीतर ठासून सांगणं. कर्तव्य, कामगिरी, समन्स यांच्याशी ते शोभतं. भूमिका नाटकातली असेल तर करतात, वठवतात. मतातली असेल तर घेतात, मांडतात. 'भूमिका बजावणे' आलं इंग्रजीतल्या 'प्ले अ रोल'वरून. एआयच्या कितीतरी आधी ते बातम्यांत आणि सरकारी पत्रकांत रुळलं होतं, त्यामुळे सगळा दोष यंत्राला देऊ नये. पण यंत्राने जे जास्त वाचलेलं असतं तेच ते पुढे करतं, आणि इंटरनेटवरचं मराठी बरंचसं बातम्यांचं नि भाषांतराचं आहे. अहिराणी, वऱ्हाडी, ओट्यावरचं बोलणं तिथे फार थोडं. म्हणून मग आई घरात भूमिका बजावते, पूल वाहतुकीत आणि पालाश (पोटॅश खत) केळीत! शेतकरी म्हणतो, पालाशने घड भरतो. भरणे, सावरणे, पोसणे, तारणे, हातभार लावणे, कामी येणे: इतक्या क्रियापदांचं काम एकटं 'बजावणे' करू लागलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रतिसाद २

हे लिहिण्यापुरतं राहील असंही नाही. बर्लिनच्या मॅक्स प्लांक मानवविकास संस्थेतल्या संशोधकांनी यूट्यूबवरची इंग्रजी भाषणं तपासली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, त्यानंतर 'डेल्व्ह' (खोलात शिरणे), 'मेटिक्युलस' (काटेकोर) असे त्याचे लाडके शब्द माणसांच्या बोलण्यातही वाढलेले दिसले. मराठीत 'अधोरेखित करणे'कडे लक्ष ठेवा. अधः अधिक रेखित, म्हणजे खाली रेघ ओढलेलं. आता दर दुसऱ्या परिच्छेदात काहीतरी अधोरेखित होत असतं.

प्रतिसाद ३

रुळलेल्या प्रयोगाला चूक म्हणू नये. विजयात गोलंदाजाने मोलाची भूमिका बजावली, हे कानाला खटकत नाही.

प्रतिसाद १ देणाऱ्याचं प्रतिसाद ३ ला उत्तर

चूक म्हणत नाहीच. बातमीत चालेल, तेराव्याला नको.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. काल नातवाला विचारलं, आजी करायच्या काय? म्हणाला, "पहाटे चारला उठून लोकांचे डबे करायची. त्यावर बाबा नि आत्या शिकले." एका दमात सांगितलं. म्हटलं, वर्षश्राद्धाला हेच वाच. 'जडणघडण' तेवढा ठेवतो म्हणाला, शब्द आवडलाय त्याला.